पानाड्या

आमच्या माण तालुक्यात जमिनीतलं पाणी शोधून देणाऱ्या माणसाला पानाड्या म्हणतात. मी नऊ-दहा वर्षांची असताना आमच्या रानात पहिल्यांदा पानाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो अनवाणी रानभर फिरला. बांधाजवळ आल्यावर नारळ हळूहळू उभा राहिला. त्यानं टाचेनं मातीत खळगा पाडला आणि म्हणाला, "इथंच मारा. तीनशेच्या आत लागतंय."

आण्णांनी सोसायटीचं कर्ज काढलं. बोअरची गाडी रात्री आली. रात्रभर धडधड चालली होती आणि आम्ही दोघी बहिणी गोधडीतून तोंड बाहेर काढून पाण्याचा आवाज येतोय का ते ऐकत होतो. सकाळी सगळ्या रानावर, शेवग्याच्या पानांवर, अंगणातल्या भांड्यांवर राखाडी भुकटी बसली होती. ३१० फुटांवर आण्णांनी गाडी थांबवायला सांगितली. तोवर पानाड्या आपले पैसे घेऊन पुढच्या गावाला गेला होता.

त्यानंतर आण्णांनी आणखी दोन बोअर मारल्या. पानाड्या दर वेळी वेगळा, वाक्य मात्र तेच. इथंच.

मी आता रेडिओलॉजिस्ट आहे, मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात. माझं काम नेमकं काय ते आण्णांना कधीच नीट कळलं नव्हतं. एकदा दिवाळीला घरी गेले तेव्हा मी त्यांना सांगितलं, "फुफ्फुसात गाठ असते, लहान, ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. सर्जन छातीला बारीक भोकं पाडून आत दुर्बीण घालतात, पण गाठ वरून दिसत नाही. मग मी आत सोनोग्राफीचा प्रोब घालून सांगते, इथं कापा."

आण्णा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पानाड्याच की गं तू."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. कारण तोवर माझीही एक बोअर कोरडी गेली होती.

*

आधी ही गाठ काय प्रकरण आहे ते सांगते.

तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गोल डागाला फुफ्फुसातली गाठ, आमच्या भाषेत नोड्युल, म्हणतात. त्याहून मोठी असेल तर शब्द बदलतो आणि डॉक्टरांचा चेहराही. साध्या एक्स-रेवर सेंटिमीटरभराची गाठ सहज निसटते. बरगडीच्या किंवा हृदयाच्या सावलीत लपते. सीटी स्कॅनमधून ती सुटत नाही. अमेरिकेत ५३ हजारांहून जास्त सिगरेट ओढणाऱ्या, किंवा पूर्वी ओढत असलेल्या, लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. एक्स-रेच्या तुलनेत कमी मात्रेच्या सीटीनं तपासणी केलेल्या गटात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होते. तेव्हापासून जगभर लहान गाठी जास्त सापडू लागल्या. आणि गाठ सापडली की प्रश्न येतो, आता हिचं करायचं काय?

आपल्याकडे हा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण आपल्याकडे टीबी आहे. टीबीची जुनी गाठ आणि कॅन्सरची नवी गाठ सीटीवर सख्ख्या बहिणींसारख्या दिसू शकतात. पेट स्कॅन करावा तर दोघीही साखर खातात, दोघीही चमकतात. सुई घालून तुकडा काढावा, तर प्रत्येक गाठीपर्यंत सुई पोचत नाही. मग एकच रस्ता उरतो. गाठ काढायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची.

पूर्वी त्यासाठी छाती उघडायचे. बरगड्या फाकवून सर्जन आत हात घालायचा आणि फुफ्फुस बोटांत धरून चाचपायचा. भाकरीच्या पिठात खडा लागावा तशी गाठ बोटाला लागायची. १९९०च्या दशकात दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. दोन-तीन लहान भोकं, एका भोकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब हत्यारं. रुग्णाचं दुखणं कमी झालं, माणसं लवकर घरी जाऊ लागली. या सगळ्यात गेलं ते सर्जनचं बोट. भोकातून घातलेलं एक बोट जिथवर पोचेल तेवढंच. लांब दांड्याच्या चिमट्याला खडा लागत नाही.

जपानमधल्या सर्जन्सनी १९९९ साली 'चेस्ट' या नियतकालिकात याचा हिशेब मांडला. गाठ १० मिलिमीटर किंवा त्याहून लहान असेल आणि फुफ्फुसाच्या पृष्ठभागापासून ५ मिलिमीटरपेक्षा आत असेल, तर दुर्बिणीतून ती न सापडण्याची शक्यता ६३ टक्के.

सीटीमध्ये स्पष्ट दिसलेली गाठ टेबलावर कशी हरवते, असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिल्या वर्षाला वाटायचं. पण सीटी काढताना माणूस उताणा झोपलेला असतो आणि "श्वास घ्या, रोखून धरा" म्हटल्यावर त्यानं छाती फुगवलेली असते. ऑपरेशनला तो कुशीवर असतो आणि ज्या बाजूला काम करायचं ते फुफ्फुस मुद्दाम मिटवलेलं असतं. भूलतज्ज्ञ दोन वाटांची नळी घालतात, एका फुफ्फुसाचा श्वास चालू ठेवतात, दुसऱ्याचा बंद करतात. म्हणजे नकाशा काढलेला असतो फुगलेल्या फुग्यावर आणि गाव शोधायचं असतं हवा गेलेल्या फुग्यावर.

यावर उपाय आहेत. ऑपरेशनच्या आधी सीटीखाली गाठीत आकडा असलेली तार अडकवून ठेवतात, किंवा निळा रंग टोचतात, किंवा धातूची बारीक गुंडाळी सोडतात. पण तार सरकते, रंग पसरतो, सुईमुळे फुफ्फुसातून हवा गळू शकते. आणि तार छातीत घेऊन रुग्णाला ओटी रिकामी होईपर्यंत स्ट्रेचरवर वाट बघत पडून राहावं लागतं. म्हणून कधी कधी मला बोलावतात.

*

गंमत अशी, की सोनोग्राफी आणि फुफ्फुस यांचं मुळातच वाकडं आहे.

सोनोग्राफी म्हणजे कानाला न ऐकू येणारा आवाज अंगात सोडायचा आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकून चित्र काढायचं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या पॉल लांजव्हँनं पाणबुड्या शोधायला अशा लहरी वापरल्या. १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठींची अशी चित्रं 'लॅन्सेट'मध्ये छापली. मांसातून आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगानं जातो, हवेतून साधारण ३४० मीटर. मांस आणि हवा यांच्या सीमेवर आवाज आला की जवळजवळ सगळाच्या सगळा माघारी फिरतो. पुढचं काही दिसत नाही. आणि फुफ्फुस म्हणजे हवेच्या कोट्यवधी पिशव्या. शिकत असताना आमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की फुफ्फुसावर प्रोब ठेवणं म्हणजे भिंतीवर टॉर्च मारून शेजारच्या खोलीतलं शोधणं.

पण मिटलेल्या फुफ्फुसात हवा उरत नाही. हवा पूर्ण गेली, की ते स्क्रीनवर यकृतासारखं दिसू लागतं, करडं आणि एकसारखं. त्यात गाठ बहुधा काळपट गोळ्यासारखी उठून दिसते. बोटाऐवजी आता प्रोब चाचपतो. म्हणजे सगळा खेळ एका अटीवर आहे, हवा गेली पाहिजे.

आमच्याकडे हे काम नेहमीचं नाही. पातळ, लांब दांड्याचा, टोक वळणारा प्रोब मुळात यकृताच्या सर्जन्ससाठी घेतलेला. आम्ही तो उसना आणतो. मशीनही हवं तिथं ढकलत नेता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. आता कुठलं मशीन कुठं आहे याची सरकारदरबारी नोंद असते. आमचे मामा, म्हणजे वॉर्डबॉय, मशीन ओटीकडे नेतात तेव्हा त्याच्या बाजूला चिकटवलेली 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी लिफ्टच्या आरशात उलटी दिसते. आण्णांना आम्ही दोघी मुलीच. ती पाटी दिसली की मला घरची आठवण येते.

*

आता माझी कोरडी बोअर.

काका साठीचे होते. गिरणीत काम केलेलं, बिड्या ओढलेल्या. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ११ मिलिमीटरची गाठ. आदल्या दिवशी सरांनी त्यांना सांगितलं होतं, "तीन भोकं पाडणार. चार-पाच दिवसांत घरी."

बिडीनं खाल्लेल्या फुफ्फुसाची एक खोड असते. त्याच्या पिशव्या फाटून मोठ्या झालेल्या असतात आणि हवा आत अडकून बसते. श्वास बंद केला तरी ते नीट मिटत नाही, शिळ्या पुरीसारखं अर्धवट फुगलेलं राहतं. मी प्रोब ठेवला आणि स्क्रीनवर पांढरं पांढरं झालं. हिमवर्षाव. सर म्हणाले, "दिसतंय का?" मी म्हटलं, "बघते." दोन मिनिटांनी पुन्हा, "दिसतंय का?" त्या दिवशी लिस्टवर आणखी तीन केसेस होत्या. सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या.

त्या पांढऱ्यात मला एक काळा गोल दिसला. आकार जमत होता, जागाही साधारण जमत होती. मी म्हणाले, "इथं, सर."

इथंच.

गोल दिसणारी प्रत्येक गोष्ट गोळा नसते. आडवी कापलेली रक्तवाहिनीसुद्धा गोलच दिसते. म्हणून प्रोब ९० अंशात फिरवून बघायचा असतो. गोळा कुठूनही गोळाच राहतो. वाहिनी लांबट होते. डॉप्लर लावून आत रक्त वाहतंय का तेही बघायचं असतं. हे मी ज्युनियर्सना शिकवते. त्या दिवशी मी प्रोब फिरवला नाही. विसरले असं म्हणता आलं असतं, पण ते खरं नाही. फिरवला आणि तो गोळा नसला, तर पुन्हा त्या हिमवर्षावात परत जावं लागलं असतं. मला परत जायचं नव्हतं.

स्टेपलर लागला. तुकडा बाहेर आला. सरांनी ट्रेमध्ये तो उभा-आडवा चिरला. आत काहीच नव्हतं. स्वच्छ, गुलाबी-करडं फुफ्फुस. कोणी काही बोललं नाही. सरांनी मोठी चीर घेतली, बरगड्या फाकवल्या, हात आत घातला आणि मिनिटभरात त्यांच्या बोटाला गाठ लागली. माझ्या 'इथं'पासून दोन सेंटिमीटर वर.

गाठ कॅन्सरची होती आणि ती पूर्ण निघाली. पण काका चार-पाच दिवसांत घरी गेले नाहीत. फुफ्फुसातून हवा गळत राहिली, छातीतली नळी नऊ दिवस राहिली, खोकताना ते उशी छातीशी आवळून धरायचे. कागदावर लिहिलं गेलं, गाठ न सापडल्यानं शस्त्रक्रिया खुल्या पद्धतीनं केली. ते खोटं नव्हतं. मी तीनदा त्यांच्या वॉर्डवरून गेले. आत गेले नाही.

*

दीड वर्षानंतर काकू आल्या. लातूरकडच्या अंगणवाडी सेविका, बावन्न वर्षांच्या. सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, केमो झालेली, सगळं छान चाललेलं. आणि तपासणीच्या सीटीमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात ९ मिलिमीटरची गाठ. पृष्ठभागापासून १४ मिलिमीटर आत. नेमकी खांद्यामागच्या पसरट हाडाआड, सुईला वाट नाही. गाठ काढल्याशिवाय कळणार नव्हतं.

आदल्या संध्याकाळी मी वॉर्डात गेले. नियम म्हणून नव्हे. त्या तीन फेऱ्या डोक्यात होत्या म्हणून.

काकूंनी विचारलं, "परत आलाय का हो मॅडम?" मी म्हटलं, "माहीत नाही काकू. उद्या कळेल." त्या म्हणाल्या, "शोधणार तुम्हीच ना?" "हो." "अन् नाही दिसली तर?"

या प्रश्नाला आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे. काळजी करू नका. ते तोंडापर्यंत आलं होतं.

मी म्हटलं, "नाही दिसली तर नाही दिसली असं सांगेन. मग सर छाती उघडतील. दुखेल जास्त. पण मी अंदाजानं सांगणार नाही."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग उशी पाठीशी घेऊन बसल्या आणि मला वजनकाट्याची गोष्ट सांगितली. अंगणवाडीत पोरांची वजनं घ्यायची असतात. टांगता काटा असतो, त्याला झोळी, झोळीत पोर. पोर रडतं, पाय झाडतं, काटा नाचतो. बाहेर बाकीच्या आया उभ्या, रजिस्टर भरायचं, वर पाठवायचं. "लई बाया अंदाजे लिहितात मॅडम. मागल्या महिन्यात आठ होतं, आता लिहा साडेआठ. म्या पण लिहिलंय पहिल्या वर्षी. अन् त्यातलं एक पोर वाळत चाललं होतं, ते कागदावर वाढत होतं." त्या थांबल्या. "तवापासून काटा थांबल्याबिगर लिहीत नाही. पोराला गप करायचं, वाट बघायची. थांबतो काटा."

"त्या पोराचं काय झालं?" मी विचारलं.

"वाचलं. नशीब माझं."

*

सकाळी साडेनऊ. काकू डाव्या कुशीवर, उजवा हात वर बांधलेला. भूल देणाऱ्या मॅडमनी नळी घातली, दुर्बिणीतून जागा तपासली. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की फुफ्फुस मिटवण्याआधी काही मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन द्या. साध्या हवेत नायट्रोजन जास्त असतो आणि तो रक्तात सहज शोषला जात नाही, आतच बसून राहतो. ऑक्सिजन रक्त ओढून घेतं. आत नुसता ऑक्सिजन असला, की फुफ्फुस लवकर मिटतं.

भोकं झाली. कॅमेरा आत गेला. फुफ्फुस दिसलं, गुलाबी, त्यावर काळ्या धुरकट रेघा. काकूंनी विडी कधी ओढली नाही. चूल मात्र आयुष्यभर फुंकली होती. सरांनी एक बोट आत घालून पोचेल तिथं चाचपलं आणि मान हलवली.

मी हात धुवून उभी होते. निर्जंतुक पिशवीत घातलेला प्रोब आत सरकवला, फुफ्फुसाला टेकवला. स्क्रीनवर पांढरं. तोच हिमवर्षाव.

"दिसतंय का?" सरांनी विचारलं.

माझ्या हातमोज्यात घाम आला. ओळखीचं वाक्य ओठांवर होतं: बघते. 'बघते' म्हटलं की वेळ सुरू होते, आणि वेळ सुरू झाली की काहीतरी दिसलंच पाहिजे असं वाटायला लागतं.

"नाही सर," मी म्हटलं. "अजून हवा आहे. थांबायला लागेल."

"किती?"

"हवा जाईपर्यंत."

ओटीत असं उत्तर चालत नाही. तिथं मिनिटं सांगावी लागतात. सर काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. मास्कच्या वर फक्त डोळे दिसतात आणि मला ते वाचता येत नाहीत. मग ते हात छातीशी जोडून मागं सरकले. "थांबूया."

मॅडमनी नळीच्या त्या बाजूत बारीक कॅथेटर घालून उरलेली हवा ओढून घेतली. मी प्रोब बाहेर काढून ठेवला. पाच मिनिटं. आठ मिनिटं. मॉनिटरची टिकटिक, एसीची घरघर. बाहेर पुढचा रुग्ण स्ट्रेचरवर येऊन पडला होता, हे मामा दोनदा सांगून गेले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फुफ्फुसाचा गुलाबी रंग जांभळट होत गेला, कडा आत वळल्या. मला झोळीतलं पोर आठवत होतं.

बाराव्या मिनिटाला मी कोमट सलाइन मागितलं. छातीत ओतलं, की प्रोब आणि फुफ्फुस यांच्यामधली हवाही निघून जाते. प्रोब पाण्यात बुडवला, टेकवला.

करडं. एकसारखं, शांत करडं. पावसानंतर रान दिसावं तसं.

मग मी चालायला सुरुवात केली. खालच्या भागाच्या वरच्या टोकापासून, ओळीनं, शेतात पाभर चालवावी तशी. एक ओळ, मग अर्धी सरकून दुसरी. एक काळा गोल आला. फिरवला, लांबट झाला, डॉप्लर लावला, लाल-निळं चमकलं. वाहिनी. पुढं. आणखी एक. वाहिनी. पुढं. सातव्या की आठव्या ओळीत तो आला. काळपट, कडेला उजळ रेघ. फिरवला. गोलच राहिला. डॉप्लर. आत काही वाहत नव्हतं. मोजला, ९ मिलिमीटर. खोली मात्र १४ नव्हती, ६ होती. फुफ्फुस मिटलं की अंतरंही मिटतात.

मी पुन्हा दुसऱ्या बाजूनं प्रोब घालून बघितला. तिथूनही तोच.

"इथं, सर," मी म्हटलं.

सरांनी विजेच्या टोकानं फुफ्फुसावर बारीक डाग दिला. चहूबाजूंनी जागा सोडून स्टेपलर लावला. तुकडा पिशवीतून बाहेर आला. मी तो सलाइनच्या वाटीत बुडवून पुन्हा प्रोब लावला, कारण आता माझा माझ्यावर भरवसा नव्हता. गाठ होती, बरोबर मधोमध. सरांनी चिरल्यावर पिवळसर-पांढरा दाणा दिसला. एक भाग फॉर्मलिनमध्ये न टाकता टीबीच्या तपासणीसाठी वेगळा ठेवला, उरलेला फ्रोझन सेक्शनला गेला. तिथं तुकडा गोठवून, पातळ काप करून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तोवर सगळे टेबलाभोवती उभे राहतात. गाठ सापडली याचा आनंद तेव्हा होत नाही. सापडलं ते काय आहे, हे त्या अर्ध्या तासानं ठरतं.

ओटीचा फोन वाजला. सिस्टरनी तो सरांच्या कानाशी धरला. सर ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "ग्रॅन्युलोमा. कॅन्सर दिसत नाही." पुढं अंतिम अहवालातही तेच आलं, टीबी.

चौथ्या दिवशी काकूंना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग हसायला लागल्या, टाके दुखेपर्यंत. "टीबीच? नुस्ता टीबी?" शेजारच्या खाटेवरच्या बाई घाबरून बघायला लागल्या. काकूंच्या मुलानं संध्याकाळी वॉर्डात पेढे वाटले. आपल्या आईला टीबी झाला म्हणून पेढे वाटणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मी दोन खाल्ले.

त्या रात्री आण्णांचा फोन आला. ऑपरेशनच्या गोष्टी मी आता त्यांना सांगते.

"लागलं का पाणी?"

"लागलं."

"किती खोल?"

"सहा मिलिमीटर."

पलीकडं शांतता. मग ते म्हणाले, "आमचा त्यो पानाड्या एकदा जरी म्हणला असता ना, की मला न्हाय कळत हितलं, तर म्या त्याला तेवढेच पैसे दिले असते."

*

गेल्या महिन्यात पहिल्या काकांचा फॉलोअपचा सीटी माझ्या स्क्रीनवर आला. फुफ्फुसात नवीन काही नव्हतं. स्टेपलरच्या पिनांच्या दोन ओळी दिसत होत्या, एक सरांच्या गाठीची, एक माझ्या चुकीची. मी रिपोर्ट लिहिला आणि ओपीडीत गेले. काका बाकावर बसले होते, मांडीवर कागदांची पिशवी.

मी सांगितलं, की मी रेडिओलॉजीची डॉक्टर. तुमच्या ऑपरेशनला होते. जागा मी दाखवली होती आणि ती चुकीची होती. नीट तपासायला हवं होतं, मी तपासलं नाही. म्हणून छाती उघडावी लागली.

काकांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, समजूतही काढली नाही.

"ते मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "तीन भोकं म्हणाले होते आणि उठलो तर हातभर चीर. न कळायला काय झालं? कोण येऊन सांगतंय याची वाट बघितली. नंतर सोडून दिली."

मी काही बोलले नाही.

त्यांनी शर्टाची वरची बटणं सोडली, खांदा पुढं घेऊन काखेखालून पाठीकडं गेलेला वण दाखवला. "मग तुम्ही कुठं दाखवलं होतं? आणि ती होती कुठं?"

मी बोटानं दाखवलं. आधी एक जागा, मग तिच्या वर दुसरी.

काकांनी मान वळवून माझ्या बोटाकडं बघितलं.

"इतकंच?"

"इतकंच."

त्यांनी बटणं लावली. नंबर पुकारला गेला होता.